ज्वारीच्या कोठीतला रोल

मला लिहिण्याची सवय नाही. एसटीत कंडक्टर होतो, तिकिटांपलीकडे फारसं काही लिहिलं नाही. हेही जमेल असं वाटत नाही. पण वडनेरच्या चौकात, चहाच्या टपरीवर, जो तो म्हणतो की वच्छलाबाईंना म्हातारचळ लागला, त्यांनी पोराच्या कार्यक्रमाचा विचका केला. ते मला ऐकवत नाही. तोंडावर उत्तर देणं मला उभ्या आयुष्यात साधलेलं नाही, म्हणून कागदावर देतो.

वच्छलाबाई माझ्या शेजारी राहतात. त्यांचे यजमान हिंमतराव माझे मित्र होते. हायवेवर, बसथांब्याला लागूनच, त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आता नुसतं शटर उरलं आहे, तेही गंजलेलं. आसपासच्या गावांतली लग्नं, बारशी, शाळेचे वर्ग, सगळे फोटो हिंमतरावांनी काढले. पोटाशी धरून वरून बघायचा असा दोन भिंगांचा कॅमेरा त्यांच्या गळ्यात असायचा. लोक त्यांना फोटोवाले म्हणत आणि वहिनींना फोटोवाल्याची बायको.

पण रोल धुवायच्या वहिनी. घराच्या मागच्या न्हाणीत, दाराच्या फटीला चिंध्या कोंबून, मिट्ट काळोखात. हिंमतरावांना त्या औषधांच्या वासानं खोकला यायचा, म्हणून हे काम पहिल्यापासून वहिनींकडे आलं. त्यांची नखं कायम तपकिरी असायची. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "काऊन वो, अक्रोड सोलून राह्यल्या का?" वहिनी म्हणायच्या, "हाव, तुमच्या नवऱ्याचं तोंड धुतलं कालच. लय मळकं होतं."

आणखी एक काम त्यांच्याकडे होतं. खिडकीत बसून निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची. देवीचे वण, सुरकुत्या, चेहऱ्यावरचे डाग असं बुजवलं की फोटोत चेहरा स्वच्छ येतो. मुलगी दाखवायच्या फोटोत तर आईबाप हमखास सांगायचे, गोंदण घालवा. वहिनी घालवायच्या. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर मात्र उभी हिरवी रेघ आहे, रेघेच्या दोन्ही बाजूंना ठिपके, आणि हनुवटीवर तीन ठिपके. संग्रामपूरकडच्या त्यांच्या माहेरी, जत्रेत आलेल्या गोंदणारणीनं ते काढलं. त्याच दिवशी, त्याच सुईनं, त्यांची मैत्रीण तानाबाई हिचंही. दोघी एकाच गावात दिल्या गेल्या. एकीच्या नवऱ्याचा स्टुडिओ, दुसरीच्या नवऱ्याचं शेत.

तानाबाई गेल्या वर्षी वारली. सगळं सुरू झालं ते तिच्या तेरवीला.

हल्ली मेलेल्या माणसाचा फोटो कसा करतात ते सगळ्यांना माहीत आहे. मोबाइलमधला कुठला तरी चेहरा कापायचा, कॉम्प्युटरवरच्या तयार अंगावर बसवायचा. पुरुषाला कोट, बाईला पैठणी. आमच्या गावात हे काम ऋत्विक करतो, त्याचं डिजिटल फोटोचं दुकान आहे. पोरगा वाईट नाही. लोक मागतात तसं देतो.

वहिनी हातात फुलं घेऊन पाटाजवळ गेल्या आणि तिथेच थांबल्या. पाटावरच्या तसबिरीत एक गोरी, गुळगुळीत बाई जांभळी पैठणी नेसून बसली होती. कपाळ कोरं. हनुवटी कोरी.

"ही कोन आहे?" वहिनींनी मोठ्यानं विचारलं.

तानाबाईचा मुलगा ओशाळला. "काकू, आईच आहे ना."

"तुही आई? जांभळी पैठणी नेसून वावरात निंदाले जात होती का रे? अन् गोंदण कुठी गेलं तिचं?"

"थे मोबाइलच पुसून टाकते काकू. डाग समजते त्याले."

"डाग," वहिनी म्हणाल्या. एवढंच. त्यांनी फुलं तसबिरीला वाहिली नाहीत. ओट्यावर गेल्या, तानाबाई संध्याकाळी जिथे टेकून बसायची त्या खांबाच्या बुडाशी फुलं ठेवली आणि न जेवता घरी आल्या. तेरवीचं पान सोडून जाणं आमच्याकडे लहान गोष्ट नाही. आठवडाभर गावात तोच विषय होता.

त्यानंतर काही महिन्यांनी वहिनींच्या मुलानं, वामननं, आईचा पंचाहत्तरीचा सत्कार ठरवला. वामनचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, चार माणसांत ऊठबस आहे. त्याच्या मुलीची, डिंपलची, सोयरीक नुकतीच पुण्याला जमली होती. तेही पाहुणे येणार होते. मांडव, जेवण, आणि चौकात मोठा फ्लेक्स. त्याचा नमुना तो एके दिवशी मोबाइलवर दाखवायला घेऊन आला. मी ओसरीवरच होतो.

वहिनींनी चष्मा लावला. पाहिलं. मोबाइल त्याच्या हातात परत दिला.

"हे बी तेच केलं. तानाबाईसारखं."

"आई, छान दिसून राह्यली तू. दहा वर्षं लहान."

"गोंदण कुठी आहे माह्यं?"

वामन जरा चाचरला. "आता पुण्याचे लोक येतीन. त्याइले थोडं... गावंढळ वाटते. अन् तसंबी मोबाइलमधे येतच नाही थे."

"वामन्या, मी जिती आहे तंवरच मले पुसून राह्यला तू. मेल्यावर काय ठेवशील?"

"असं काऊन बोलतं आई? मंग दुसरा फोटो कुठून आणू मी?"

वहिनी उठल्या, आत गेल्या. कोठीचं झाकण काढल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा हात कोपरापर्यंत ज्वारीच्या भुशानं पांढरा होता आणि हातात पत्र्याचा गोल डबा होता. डब्यात रोल होते. कॅमेऱ्यातले रुंद रोल, कागदात गुंडाळलेले. स्टुडिओ बंद झाला तेव्हा उरलेले. हिंमतरावांनी टाकून द्या म्हटलं होतं. वहिनींनी कडुलिंबाच्या पाल्यासह ते ज्वारीत पुरून ठेवले, कारण घरात तेवढीच एक जागा उन्हाळ्यातही थंड राहते. वेष्टनावरची मुदत संपून तीसेक वर्षं झाली होती.

"मी रोलवर काढतो माहा फोटो," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, काढतो, जातो.

वामन हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "आई, हे मेले आता."

"मीबी मरूनच राह्यली. बोल, लावतं का पैज?"

"बरं. सत्काराच्या आधी तुह्या रोलमधून फोटो आला तं तोच लावू. नाही आला तं ऋत्विकचा. मंजूर?"

"मंजूर. अन् आला, तं मी मेल्यावर बी तोच लागंल. दुसरा नाही. हे मंजूर?"

"हाव, मंजूर," वामन म्हणाला. त्यानं ते गंमत म्हणून म्हटलं. वहिनींनी गंमत म्हणून ऐकलं नाही.

आता खरं सांगायचं तर माझाही विश्वास नव्हता. पण मला नाही म्हणता येत नाही. औषधांची पूड बरण्यांत होती, झाकणांना मेण लावलेलं. जे खराब झालं होतं ते मी अकोल्याहून आणून दिलं. कॅमेऱ्याचं भिंग वहिनींनी जुन्या मलमलीनं पुसलं. आयुष्यभर त्या कॅमेऱ्यानं काढलेले रोल त्यांनी धुतले, पण तो त्यांच्या गळ्यात पहिल्यांदाच आला. गावातून निघाल्या की पोरं म्हणायची, "आजी, शुटिंग आहे का वो आज?" वहिनी म्हणायच्या, "हाव, तुह्या बापाचं लग्न आहे दुसरं."

त्यांनी तानाबाईच्या खांबाचा फोटो काढला, मारुतीच्या पाराचा काढला. आणि तो पहिला रोल धुतल्यावर पाटीसारखा काळा निघाला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"गेला," मी म्हटलं.

त्यांनी तो खिडकीत उजेडाला धरला आणि बराच वेळ तिरपा करून बघत राहिल्या. "गेला नाही. आत आहे काहीतरी. पाहा, खांबाची कड दिसते. वरून धुकं बसलं आहे. ह्याले उजेड जास्त पाह्यजे, अन् पानी थंड पाह्यजे." मला काहीच दिसत नव्हतं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या रोलच्या वेळी माठातलं पाणी काढलं. धुकं कमी करणारं ब्रोमाइड थोडं वाढवलं. वहिनी न्हाणीत शिरल्या, दार लावलं. त्यांची सून मंजुश्री स्वयंपाक करत होती. सासू पंचाहत्तर वर्षांची, आत ओली फरशी, आणि अंधार असा की हाताला हात दिसू नये. हिंमतरावांच्या वेळी न्हाणीत लाल दिवा असायचा असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. मागच्या काही दिवसांत तिनं गुपचूप देवघरातला झिरोचा लाल बल्ब काढून न्हाणीत लावून ठेवला होता. तिनं बाहेरचं बटण दाबलं.

आतून वहिनींची किंकाळीच आली.

तो लाल दिवा कागदावर फोटो छापताना चालतो. रोलला कुठलाच दिवा चालत नाही. पण मंजुश्रीला ते कोण सांगणार? दार उघडून वहिनी बाहेर आल्या तेव्हा हातातून पाणी गळत होतं आणि मंजुश्री बल्बच्या बटणावरच हात ठेवून उभी होती.

"तुम्ही पडसान म्हणून, आत्याबाई... देवापुढचा होता, म्हटलं चालते."

मला वाटलं आता भांडण होणार. वहिनी चुलीजवळ बसल्या. मग म्हणाल्या, "देवाले उजेड लागते माय. मले नाही लागत. पुढच्या बारीले तू दारात बसजो. देव आला तरी आत येऊ देऊ नको."

डब्यात आता एकच रोल राहिला होता.

तो स्वतःवरच खर्च करायचा, असं त्यांनी ठरवलं. आणि बटण दाबायचं काम माझ्यावर आलं. मी नको नको म्हटलं. मला साधं मोबाइलवरसुद्धा फोटो काढता येत नाही, माझं बोट नेहमी मध्ये येतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही हजारो लोकाइले गाडीतून उतरवलं, कोनाले चुकीच्या गावात उतरवलं का? मंग. दाबा फक्त."

सकाळच्या उन्हात त्या जुन्या स्टुडिओच्या गंजक्या शटरपुढे स्टूल टाकून बसल्या. रोजची नेसती सुती साडी, पदर खांद्यावरून. मी कॅमेरा पोटाशी धरून वरून बघायला लागलो, तर सगळं उलटं. उजवं ते डावं. वहिनींना मधे घ्यायला सरकलो की त्या आणखीच कडेला पळायच्या. चौकातली माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, "नारायणराव, सिंगल बेल मारा, गाडी थांबन." हिंमतराव प्रत्येक बाईला सांगायचे ते मला आठवलं, आणि काहीतरी बोलावं म्हणून मी तेच बोललो.

"वहिनी, हनुवटी खाली घ्या जरा."

"काऊन?"

"हिंमतराव सांगत ना सगळ्याइले."

"थे सांगत, कारण हनुवटी खाली घेतली का गोंदण सावलीत जाते. मंग मले पेन्सिल कमी चालवा लागे." त्यांनी चेहरा वर केला. सरळ सूर्याकडे. डोळे बारीक झाले, पण खाली घेतले नाहीत. "किती पोरींचं बुजवलं मी ह्या हातानं. त्याइच्या बापानं सांगितलं म्हणून. माह्यं कोनी नाही बुजवायचं. दाबा आता."

मी दाबलं. मग कॅमेऱ्याच्या मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत चक्री फिरवली आणि पुन्हा दाबलं. घाईत एकदोनदा चक्री फिरवायची राहिली असावी. रोल संपला तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

त्या दिवशी न्हाणीच्या दारात मंजुश्री पाट टाकून बसली, पदर खोचून. वामन दुकानातून काही कामानं आला तर त्यालाही तिनं हातानंच थोपवलं. मी ओसरीवर. आत वहिनी रोलची दोन टोकं दोन हातांत धरून तो पातेल्यातून झोक्यासारखा खालीवर फिरवत होत्या. घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. अंधारात घड्याळ दिसतच नाही. त्या जात्यावरच्या ओव्या म्हणतात, स्वतः जुळवलेल्या, हळू सुरात, आणि अमुक ओव्या झाल्या की रोल बाहेर. त्या दिवशी नेहमीच्या ओव्या संपल्या तरी आवाज थांबला नाही. थंड पाण्यात काम सावकाश होतं म्हणून त्यांनी नवीन जुळवायला घेतल्या. त्यात तानाबाईचं नाव आलं. मंजुश्रीनं माझ्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली.

दार उघडलं. ओला रोल न्हाणीतल्या दोरीला चिमट्यानं लटकत होता. बराचसा काळपट. काही चौकोन एकमेकांवर चढलेले, ते माझं कर्तृत्व. एका चौकोनात शटरच होतं, वहिनी नव्हत्याच. पण खालच्या बाजूला एक चौकोन वेगळा होता. वहिनींनी तो उजेडाला धरला आणि मला हाक मारली. काळ्या चेहऱ्यावर कपाळाची रेघ काचेसारखी लखलखीत. हनुवटीवर तीन पांढरे ठिपके. निगेटिव्हवर गोंदण असं दिसतं. पेन्सिल जिथे चालवायची तीच जागा.

"आली," वहिनी म्हणाल्या. "मी आली."

मंजुश्रीनं टाळी वाजवली आणि मग लाजली.

तो तुकडा घेऊन आम्ही ऋत्विककडे गेलो. वहिनी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, पोराच्या हाताकडे बघत. पडद्यावर फोटो सुलटा झाला. सगळीकडे जाड दाणा, कडेला पाण्यासारखे ओघळ, आणि खांद्यावर एक पुसट सात. रोलमागच्या कागदावरचा आकडा इतक्या वर्षांत फिल्ममध्ये उतरला होता.

"आजी, हा सात तं काढू द्या. खांद्यावर चढून बसला."

"राहू दे. इतकी वर्षं ज्वारीत काढली त्या रोलनं. त्याचं बी काही राहू दे."

"अन् हे ठिपके? धुळीचे आहेत."

"कोनते धुळीचे अन् कोनते माह्ये, तुले समजते का?"

ऋत्विकनं माउसवरून हात काढून घेतला. "नाही समजत आजी," तो म्हणाला. त्यानं तसाच छापला, आणि लाकडाची चौकट स्वतःहून दिली.

वामननं फोटो पाहिला. "आला खरंच," म्हणाला. चौकट परत आईच्या हातात दिली. आम्हाला वाटलं, झालं.

सत्काराच्या सकाळी वहिनींना मांडवात न्यायला मी निघालो. चौकात आलो आणि वहिनी थांबल्या. वर, विजेच्या खांबाला, दहा हाताचा फ्लेक्स. गोरी, कोरी बाई. खाली वामनचं आणि त्याच्या मित्रांचं नाव.

वामन धावत आला, पांढरे कपडे, खांद्यावर उपरणं. "आई, आधीच छापून झाला होता. ऐन वेळेवर दुसरा छापून नाही भेटत. तुहा फोटो स्टेजवर ठेवू ना मागच्या बाजूनं. चाल, पाहुणे बसून राह्यले."

वहिनी गेल्या आणि स्टुडिओच्या शटरपुढे, त्याच जागी, खाली बसल्या.

"आई, असं नको करू ना. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. त्या बाईले न्या ना." त्यांनी वर बोट केलं. "खांद्यावर घ्या अन् न्या. तिचाच सत्कार आहे. हार घाला, नारळ द्या, पुण्याच्या पाहुण्याइले दाखवा. मी हिच्या पंगतीले नाही बसत."

कोणीतरी हसलं. वामनचं तोंड लाल झालं. तो वाकून हळू आवाजात म्हणाला, "आई, माही इज्जत..."

"तुही इज्जत माह्या हनुवटीवर अडून राह्यली का रे?"

तेवढ्यात मंजुश्री घराकडून आली. लग्नकार्यातली साडी, अंगावर दागिने, आणि दोन्ही हातांत ती चौकट, लोकांकडे तोंड करून धरलेली. चौकातून ती अशी कधी चालत आलेली कुणी पाहिली नसेल. ती नवऱ्यापुढे उभी राहिली.

"तुम्ही मंजूर म्हटलं होतं. मी दाराआड होती. ऐकलं."

वामन एकदा चौकटीकडे बघत होता, एकदा वर. कोरी बाई वाऱ्यानं फुगत होती. मग त्यानं उपरणं काढून माझ्या हातात दिलं, उभ्या असलेल्या टेम्पोच्या टपावर चढला आणि दोऱ्या सोडायला लागला. गाठी पक्क्या होत्या. शेवटी खालून कोणीतरी विळा दिला.

सत्कार उशिरा झाला. पण झाला. चौकट स्टेजवर मधोमध होती. पुण्याच्या पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारलं की तो सात कसला. वहिनींनी पंगतीतच त्यांना ज्वारीच्या कोठीची गोष्ट सांगितली आणि त्यांची बासुंदी तशीच राहिली. बाकी काही आभाळ कोसळलं नाही. डिंपलची सोयरीक कायम आहे. ज्यांना विचका झाला असं वाटतं त्यांनी दोनदा भात घेतला, हे मी पाहिलं आहे.

फ्लेक्स वाया गेला नाही. वामनच्या खळ्यात कडब्याच्या गंजीवर तो उलटा बांधला आहे, कोरा चेहरा कडब्याकडे.

चौकट बैठकीत लागली, हिंमतरावांच्या शेजारी. जित्या माणसाचा फोटो गेलेल्यांच्या भिंतीवर लावू नये, अपशकुन असतो, असं सांगायला शेजारच्या बायका येऊन गेल्या. वहिनी त्यांना म्हणाल्या, "हार नका घालू, बस. बाकी मी रोज उठून पाहतो, कोनी पुसलं तं नाही."

आणि त्या बायकांपैकी दोघींचं येणं अजून थांबलेलं नाही. बाजारच्या दिवशी येतात, भिंतीकडे बघतात, पदरानं घाम पुसतात. एकीच्या कपाळावर चंद्रकोर आहे, दुसरीच्या गालावर ठिपके. परवा एक म्हणाली, "वच्छलाबाई, माहा बी काढा ना एक. नाहीतर पोट्टे पैठणी नेसवतीन मले."

डबा रिकामा आहे. वहिनींनी मला सांगितलं, "भाऊजी, रोल पाहा कुठी भेटतात का. कितीबी जुने चालतीन."

मी उद्याच्या गाडीनं अकोल्याला चाललो आहे. तिथे नाही मिळाले तर नागपूर.